मुलीने शिबिरातून 'शुद्धतेचं' कार्ड आणलंय, खाली वडिलांची सही हवी म्हणे

नगरची_लेक (डॅलसजवळ)

सलाम. इथे ख्रिस्ती वाचक किती आहेत माहीत नाही, पण हे मला मराठीतच विचारायचं होतं.

मी नगरची. आजी संडे स्कूल घ्यायची, घरात पेटीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं. लग्न करून टेक्सासला आले आणि घराजवळ मिळालं ते सदर्न बाप्टिस्ट चर्च, म्हणजे इथल्या एका मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाचं. तेरा वर्षं तिथेच जातोय. माझी आई गेली तेव्हा याच लोकांनी तीन आठवडे आमच्याकडे जेवण पोचवलं, त्यामुळे उठसूट नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

मुलगी 14 वर्षांची. गेल्या शनिवारी चर्चच्या शिबिराहून आली आणि जेवलीच नाही. रात्री अंथरुणात सांगितलं. मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं होतं. एक गुलाब हातोहात फिरवला, प्रत्येकीने एक पाकळी तोडायची. शेवटी देठ उरला. तो उंच धरून शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता हे कुठल्या नवऱ्याला देणार?" मुलगे तेव्हा बाहेर डॉजबॉल खेळत होते.

सोबत कार्ड दिलंय. लग्नापर्यंत शुद्ध राहीन, खाली तिची सही, त्याखाली वडिलांची. आईच्या सहीला जागाच नाही! मला आधी हसूच आलं. मग पोरीने विचारलं, "आई, कुणी जबरदस्ती केली, तर त्याने तोडलेली पाकळीपण माझीच गेली ना?"

नवरा म्हणतो, करून टाकू सही, चांगलंच शिकवतायत. तिने या वयात काही भलतं करावं असं मलाही वाटत नाहीच. मग हे माझ्या घशाखाली का उतरत नाही? आणि तिला उत्तर काय देऊ?

ह्यूस्टनकरीण

ताई, मी सही केली होती. 1994, वय 14, तुमच्या मुलीएवढीच. सदर्न बाप्टिस्टांनी आदल्याच वर्षी ही मोहीम काढली होती. त्या जुलैत वॉशिंग्टनच्या हिरवळीवर दोन लाखांवर कार्डं रोवली होती. आमच्या यूथ ग्रुपची त्यात होती, केवढा अभिमान वाटला होता मला.

पुढचं कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. 24 व्या वर्षी लग्न झालं. दहा वर्षं ज्या दाराला पाप म्हणून कुलूप होतं, ते पाळकांनी 'पती-पत्नी जाहीर करतो' म्हटल्याबरोबर उघडेल असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. नाही उघडलं. दोन वर्षं प्रत्येक वेळी दुखायचं. मी दात आवळून पडून राहायचे, कारण लग्नाआधीच्या वर्गात सांगितलं होतं की बायकोने 'नाही' म्हटलं तर नवरा बाहेर बघतो आणि त्याचा दोष तिच्याकडे जातो. नवरा बिचारा चांगला. त्याला वाटायचं, हिला मी आवडत नाही.

चर्चच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, अजून प्रार्थना करा. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञाने ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी सुचवली. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "फार धार्मिक घरात वाढलात का?" मी गाडीत येऊन रडले. त्यांच्याकडे माझ्यासारख्या इतक्या येत असतील की त्यांना प्रश्नसुद्धा पाठ झालाय!

मुलीने बरोबर जागी बोट ठेवलंय. त्या गुलाबाच्या खेळात तोडणारा कुठे दिसतच नाही.

साधा_प्रश्न

माफ करा, पण यात चर्चचं वेगळं काय? आमच्या आजीचं 'बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं' हे तेच की. पाटावर बसवून ऐकवायची. निदान तुमच्याकडे कार्ड छापून तरी देतात. शिवाय तिथल्या शाळांतलं वातावरण बघता थोडा धाक असलेला बरा.

नगरची_लेक

काचेचं भांडं मीही ऐकलंय, तेही ख्रिस्ती घरातच. पण आजीला उलटून बोलता यायचं. इथे तेच वाक्य देवाच्या नावाने येतं, मग पोरगी वाद कुणाशी घालणार?

मास्तर_पाळक (निवृत्त)

बाळ, सलाम. मी 31 वर्षं पाळकी केली, म्हणून चार शब्द.

ही शिकवण फार जुनी असल्यासारखी सांगतात. पण सदर्न बाप्टिस्टांच्या विश्वासपत्रात, म्हणजे पंथाच्या श्रद्धा मांडणाऱ्या कागदात, कुटुंबाचं कलम आलं 1998 मध्ये: पतीने सेवक होऊन नेतृत्व करायचं आणि पत्नीने आनंदाने त्याच्या अधीन राहायचं. 2000 मध्ये पाळकपद फक्त पुरुषांचं असं लिहून टाकलं. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी या संघाशी संबंध तोडले. जन्मभर रविवारची शाळा घेणारा माणूस तो.

कागदावर 'सेवक' फार गोड वाटतो. तुमच्या शेजारी फोर्ट वर्थला त्यांची मोठी सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, आहे. तिचे अध्यक्ष पेज पॅटरसन यांचं 2000 सालचं एक ध्वनिमुद्रण 2018 मध्ये बाहेर आलं. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला त्यांनी रात्री पलंगापाशी प्रार्थना करायला सांगितलं होतं. ती दोन्ही डोळे काळेनिळे घेऊन परत आली आणि म्हणाली, आता तुम्हाला आनंद झाला असेल. हे म्हणाले, हो झाला, कारण नवरा त्या दिवशी पहिल्यांदा चर्चला आला होता. हा किस्सा ते स्वतःच सांगत होते. त्या वर्षी मे महिन्यात त्यांना पदावरून काढलं.

आता माझं पाप. 'स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा' हे बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय 5, ओवी 22. मी लग्नं लावताना नेहमी तिथूनच वाचन सुरू करायचो. एकदा घरी येऊन बायकोने विचारलं, "21 का गाळता हो?" उघडून पाहिलं तर तिथे एकमेकांच्या अधीन राहा असं आहे! सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत तर 22 ला स्वतःचं क्रियापदच नाही, ते 21 मधून घ्यावं लागतं. सेमिनरीत हे शिकलो होतो, परीक्षेत मार्कही मिळाले होते. त्या दिवसापासून 21 पासून वाचू लागलो. दोन वरबाप रुसले, तेवढंच.

आणि तू टिळकांची पदं म्हणालीस म्हणून आठवलं. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली पाच वर्षं त्या नवऱ्याच्या अधीन होऊन ख्रिस्ती झाल्या नाहीत, पटलं तेव्हा झाल्या. लेकीला ही गोष्ट सांग.

नगरची_लेक

काका, सांगितली. पाच वर्षं म्हटल्यावर डोळे विस्फारले तिचे.

ह्यूस्टनकरीण, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग लेकीने पाकळीचा प्रश्न त्यालाही विचारला. तो उठून गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ उगाच पाने-पक्कडी लावत बसला. आत येऊन म्हणाला, बुधवारी यूथ पास्टरला भेटू, मुलग्यांना काय शिकवलं ते विचारू.

कार्ड अजून फ्रिजवर आहे, सहीशिवाय. बुधवारी लेकीलाही यायचंय. तो नको म्हणत होता, मी गाडीत तिची जागा धरून ठेवलीय.