मानसिक आजाराचा कलंक सरकारी धोरणाने कमी होतो का?

टिपणकार:
या विषयावर धोरण-टिपण लिहायला घेतलंय. बहुतेक योजनांत भित्तिपत्रकं, फेऱ्या आणि 'हाही इतर आजारांसारखाच आजार' ही घोषणा, एवढंच सापडतं. त्याने लोकांचं वागणं बदलतं का? आणि कायद्यात नेमकं काय तपासायचं?

मनमोकळा:
त्या घोषणेवर फार भिस्त ठेवू नका. अमेरिकेत १९९६ आणि २००६ साली लोकांना तेच प्रश्न विचारले गेले. आजाराचं मूळ मेंदूत आहे असं मानणारे दहा वर्षांत वाढले, उपचारांना पाठिंबाही वाढला. पण असा माणूस शेजारी किंवा सहकारी म्हणून नको म्हणणारे काही घटले नाहीत. 'मेंदूतच बिघाड' म्हटलं की दोष जातो, पण 'म्हणजे हा बरा व्हायचा नाही' ही भीती मागे उरते.

त्यापेक्षा प्रत्यक्ष भेटीगाठींवर पैसा लावा. आजार अनुभवलेली व्यक्ती सहप्रशिक्षक हवी, मानधन घेणारी. नमुना म्हणून व्यासपीठावर उभी केलेली नको. ऐकणारा गट ठरलेला असावा: पोलीस, परिचारिका, शिक्षक, नोकरभरती करणारे. तासाभराचं एकच सत्र घेतलं तर असर लवकर ओसरतो, म्हणून पुढच्या फेऱ्यांची तरतूद सुरुवातीलाच करा.

कलमवाचक:
भारतापुरतं बोलायचं तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ पासून सुरुवात करा. कलम ३० नुसार कलंक कमी करणारे कार्यक्रम आखणं, त्यांना निधी देणं आणि पोलिसांसह अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. कलम २१(४) विम्यात शारीरिक आजाराइतकीच वागणूक मागतं. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून कुणाला आज आजारी ठरवता येत नाही, हे कलम ३(४) सांगतं.

पण खरी अडचण बाकीच्या कायद्यांत आहे. हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली अपस्माराचा उल्लेख गेला, २०१९ साली कुष्ठरोग घटस्फोटाच्या कारणांतून वगळला. मानसिक आजार मात्र घटस्फोटाचं कारण म्हणून तिथेच आहे. उद्या उपचारांची फाईलच कोर्टात पुरावा होईल या धास्तीने घरचे उपचारच लपवतात. जोवर हे कलम आहे, तोवर जाहिरातीतलं 'मोकळेपणाने बोला' कुणाला पटणार? प्रत्येक कायदा, सेवानियम आणि अर्जात 'अनसाउंड माइंड' (मन ठिकाणावर नसलेला) व तत्सम शब्द शोधून तक्ता करा.

ब्रिटनच्या समानता कायद्याचं (२०१०) कलम ६० जरूर वाचा. काही अपवाद सोडले तर नोकरी देऊ करण्याआधी आरोग्याचे प्रश्न विचारता येत नाहीत. आधी विचारलं की नकाराचं कारण झाकून जातं. देऊ केल्यानंतर नोकरी मागे घेतली तर मालकाला त्याचं स्पष्टीकरण देणं भाग पडतं.

शब्दवेल्हाळ:
नावाचाही विचार करा. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) जुन्या नावाचा अर्थ 'मन दुभंगण्याचा आजार' असा होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेच्या मागणीनंतर २००२ साली ते बदलून 'एकसंधता ढळण्याचा विकार' अशा अर्थाचं केलं. नंतर रुग्णाला त्याचं निदान स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाण बरंच वाढलं. आपलं 'छिन्नमनस्कता' नेमकं त्या जुन्या नावासारखंच आहे आणि पाठ्यपुस्तकांत अजून छापलं जातं. फक्त नाव बदलून उपचारांची सोय तशीच ठेवली, तर नवं नावही काही वर्षांत शिवी होतं.

टिपणकार:
आभार. परिणाम मोजायचा कसा?

मनमोकळा:
'तुमचं मत काय' असं जनतेला विचारलं की शहाणी उत्तरं मिळतात. आजार असलेल्यांनाच विचारा: गेल्या १२ महिन्यांत घर भाड्याने घेताना, नोकरीत, दवाखान्यात, नातलगांत कुणी डावललं का? भेदभावाच्या भीतीने तुम्ही स्वतः काय टाळलंत? मोहिमेआधी एकदा आणि नंतर दरवर्षी, प्रश्नांचा एकही शब्द न बदलता.