यशवंत स्टेडियम : फुटबॉलचे की मोर्च्यांचे?

धंतोलीकर : आपल्या यशवंत स्टेडियमचे नाव फुटबॉलपेक्षा मोर्च्यांच्या निमित्तानेच अधिक कानी का पडते?

वऱ्हाडी वाचक : याचे मूळ 1953 च्या नागपूर करारात आहे. त्यानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते आणि सीताबर्डीलगतचे हे मैदान सोयीचे असल्याने मोर्चे तेथूनच निघतात. अधिवेशन बहुधा डिसेंबरात, म्हणजे नेमके खेळाच्या दिवसांत!

माजी गोलरक्षक : वऱ्हाडी साहेबांशी मी सहमत आहे, तरीही केवळ स्टेडियममुळे फुटबॉल वाढतो, असे मला वाटत नाही. कोलकात्याचे 1984 साली खुले झालेले सॉल्ट लेक स्टेडियम 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी नूतनीकृत झाले, तेव्हा स्वतंत्र खुर्च्या बसवल्याने प्रेक्षकक्षमता घटली. पण तेथे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रेक्षक उभा आहे. आपल्याकडे मात्र नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतील मुलांना घेऊन फुटबॉलचे जे काम सुरू केले, त्याला स्टेडियम लागलेच नव्हते.

धंतोलीकर : सर, पटले, पण 105 बाय 68 मीटरचे सपाट, हिरवळीचे मैदान तरी मुलांना हवेच ना?