नऊ गाठींची दोरी: मधली गाठ सुटते, शेवटच्या चार गाठी विस्कटतात

सुतावरून
विक्का या आधुनिक पाश्चात्त्य जादूटोण्याच्या पंथातल्या नऊ गाठींच्या दोरीबद्दल विचारायचं आहे. क्रम माहीत आहे: पहिली गाठ एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, तिसरी मध्यावर, मग चौथी-पाचवी, आणि ६ ते ९ उरलेल्या जागांत. बांधून झाल्यावर डावीकडून १-६-४-७-३-८-५-९-२ अशी रांग दिसते. दोरी सुती, ५ मिमी जाडीची, १ मीटर लांब.

टोकाच्या गाठी पक्क्या बसतात, पण मधली ओढली की सुटते. ६ ते ९ दाटीवाटीनं येतात, अंतरं कमीजास्त पडतात. शिवाय गाठी नंतर सोडायच्या की कायम ठेवायच्या? आणि नायलॉन चालेल का?

पीळ
मधली गाठ सुटते कारण ती गाठ नाही, सुरगाठ आहे. मध्यावर बांधताना टोक ओढून आणायचा कंटाळा येतो, म्हणून दोरीचा दुमडलेला भागच फासातून काढला जातो. दिसायला ती साध्या गाठीसारखीच असते, पण एका बाजूनं ताण दिला की सरकते. मधली गाठ बांधतानाही एका बाजूची सगळी दोरी, टोकाच्या गाठीसकट, फासातून पार जायला हवी. त्यासाठी फास मूठ आरपार जाईल एवढा मोठा ठेवा.

आता लांबी. घट्ट ओढलेली साधी गाठ दोरीच्या जाडीच्या साधारण १० ते १२ पट लांबी खाते. ५ मिमीच्या दोरीत एका गाठीला ५-६ सेंमी, नऊ गाठींना जवळजवळ अर्धा मीटर. म्हणजे तुमच्या १ मीटरमधून ५० सेंमी उरली. दोन्ही टोकांना ५-५ सेंमी शेपूट सोडलं तर दोन गाठींमध्ये जेमतेम ५ सेंमी येतात, त्यातही गाठीचा स्वतःचा फुगवटा आहेच. याच जाडीची दीड मीटर दोरी घ्या, अंतर ११ सेंमीच्या आसपास जाईल. विक्कामध्ये ९ फुटांची, म्हणजे पावणेतीन मीटरची दोरी सांगतात, पण तीवर नऊ गाठी फार विरळ दिसतात. तेवढी लांबी कमरेला बांधायच्या दोरीला शोभते.

अंतरं चुकतात ती घट्ट करताना. सैल फासात विणायची सुई घाला, सुईनं फास हव्या त्या जागी सरकवत न्या, मगच ओढा आणि शेवटच्या क्षणी सुई काढा. मोत्यांची माळ ओवणारे हेच करतात. आणि खुणा कोऱ्या दोरीवर करून ठेवू नका, प्रत्येक गाठीनंतर त्या सरकतात. दर वेळी शेजारच्या दोन गाठी एकावर एक धरून नवा मध्य काढायचा.

निवडुंग
सोडायच्या की ठेवायच्या, हे काम कोणतं आहे त्यावर ठरतं. दोन्ही मतं बरोबर आहेत, वेगवेगळ्या कामांसाठी.

शक्ती साठवण्याचं काम असेल तर गाठ सोडण्यासाठीच बांधतात. वाऱ्याच्या गाठी हे याचं जुनं उदाहरण: उत्तरेकडच्या खलाशांना तीन गाठींची दोरी विकत. पहिली सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा, तिसरी सोडली की वादळ. स्वीडिश लेखक ओलाउस मॅग्नसनं १५५५च्या ग्रंथात हे नोंदवलं आहे. नऊ गाठींच्या दोरीतही हाच विचार आहे. रोज एक, बांधल्या त्याच क्रमानं सोडायची. सगळ्या एका दमात सोडल्या तर, साधकांच्या मते, साठवलेलं एकदम सांडतं.

बंधनाचं काम असेल तर उलट: निरगाठ मारायची आणि हात लावायचा नाही. अशी गाठ सुटणं म्हणजे करणी उतरणं. मेसोपोटेमियातल्या ‘मक्लू’ विधीत चेटकिणीच्या गाठी सोडणं हा उताराचाच भाग आहे. फ्रान्समध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात लग्नाच्या वेळी कुणी नाडीला गाठ मारली तर नवरा नपुंसक होतो, अशी मोठी धास्ती होती. ती गाठ सापडून सुटेपर्यंत सुटका नाही, असा समज.

बांधण्याची रीत: फास सैल ठेवायचा, हेतू एका वाक्यात बोलायचा, श्वास सोडताना ओढायचं. वाक्य लांबलं की हात मध्येच थांबतो आणि गाठ अर्धवट बसते.

नायलॉन नको. गुळगुळीत असल्यानं गाठ सरकते, आणि शेवटी दोरी जाळायची असेल तर तो वितळून ठिबकतो, हात भाजतो. दोरी कशाची आहे कळत नसेल तर टोकाचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख भुरभुरीत होते. नायलॉनचा कडक मणी बनतो.

अवलिया
जोड देतो. दोरीचं वर्तुळ करायचं असेल तर दोन टोकं रीफ नॉटनं जोडा: आधी उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर आलं तर तिरकी, सरकणारी गाठ होते. रीफ नॉट म्हणजेच जुनी हर्क्युलिसची गाठ. तिनं बांधलेली जखम लवकर भरते असं प्राचीन रोमन लेखक प्लिनी लिहितो.

काही जण यात पिसं खोचून त्याला ‘विचेस लॅडर’ (चेटकिणीची शिडी) म्हणतात. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनला १८७८ साली जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या दोरीत मात्र पिसं गाठीत खोचलेली नाहीत, दोरी वळतानाच पिळात घेतली आहेत. नंतर खोचलेलं पीस दोरी हलली की गळतं, त्यामुळे करायचंच तर पिसं पिळातच घ्या. ती दोरी आता ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे. पण ती चेटकिणीचीच होती, हे छातीठोकपणे सांगू नका. मानववंशशास्त्रज्ञ टायलरनं १८८७ साली ती सभेत दाखवली तेव्हा श्रोत्यांपैकी दोघांनी उठून सांगितलं, ही तर शिकारीत हरणं परतवायची दोरी आहे.

सुतावरून
आभार. गाठी पक्क्या राहाव्यात म्हणून वर मेणबत्तीचं मेण ओतलं तर?

पीळ
बंधनाच्या गाठीवर चालेल. सोडायच्या गाठीवर नको, मेण सुतात मुरतं आणि मग गाठ उकलताना धागे तुटतात. पाणीही लागू देऊ नका, ओलं सूत आवळून बसतं. तरी अडकलीच तर नखानं ओरबाडू नका, बोथट सुई गाठीच्या पोटात घालून हळूहळू फिरवा.