सोनोग्राफी करून करून उजवा खांदा धरलाय, तेपण पहिल्याच वर्षात. काय करू?

प्रोबवाली_कोल्हापूर:
एमडी रेडिओलॉजी फर्स्ट इयर, चार महिने झालेत. ओपीडीच्या दिवशी ३५-४० सोनोग्राफी होतात, त्यात एएनसी (गरोदर बायका) जास्त, म्हणजे उजव्या हातानं प्रोब (अंगावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा) धरायचा आणि परत त्याच हातानं एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा कायद्यानं लागणारा फॉर्म, भरत बसायचं. महिनाभर खांदा ठणकतोय, त्या कुशीवर झोपता येत नाही आणि काल रंकाळ्यावरनं घरी येताना गाडीचा ब्रेक दाबला तर अंगठ्याच्या बुडाशी कळ आली. सीनियर म्हणतात सगळ्यांचंच दुखतं, होईल सवय. खरंच होते का?

गंगावेस_फिजिओ:
सवय बिवय काय होत नसती. माझ्याकडं तालमीतली पोरं येतात, शेकड्यानं जोर मारतात पण जोर मारताना स्नायू आवळतो नि सुटतो, रक्त खेळतं. तुम्ही लोक हात बाजूला उचलून तसाच धरून ठेवता, वजन काय नाही पण स्नायू सुटतच नाही. कोपर अंगापासून ३० अंशांपेक्षा लांब जाऊ देऊ नका. आणि अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीकडं वाकवून बघा, जोरात कळ आली तर अंगठ्याच्या टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणाची सूज असू शकते, डी क्वेरवेन म्हणतात, हाडाच्या डॉक्टरला दाखवून घ्या. पेनकिलर खाऊन लिस्ट संपवू नका.

जुना_रेडिओलॉजिस्ट:
पेशंटला बेडच्या मधोमध झोपवता ना? तिथंच घोळ आहे. पेशंटला म्हणायचं मावशी, जरा माझ्याकडं सरका, अगदी कडेला. सरकतात, आपणच सांगत नाही. मी दहा वर्षं पोटावरनं आडवा हात टाकून डाव्या बाजूची किडनी बघत होतो, आता फळीवरचा डबा डाव्या हातानं काढतो. डावी किडनी बघायची तर पेशंटला कुशीवर वळवा, इमेजपण चांगली येते. प्रोब चिमटीत धरू नका, तळव्यात धरा. जाड पेशंट असला की आपण दाबतच सुटतो, पण एका हद्दीनंतर दाबून इमेज सुधारत नाही, फ्रिक्वेन्सी कमी करा, खिडकी (प्रोब टेकवायची जागा) बदला. आणि जेलला कंजूषपणा नको, सुका प्रोब ओढायला जास्त जोर लागतो.

प्रोबवाली_कोल्हापूर:
सर आमचा बेड वरखाली होत नाही, स्टूल पण बुटकं, मॉनिटर डावीकडं वळलेला. नवीन मागितलं तर बघू म्हणतात 😅

जुना_रेडिओलॉजिस्ट:
बघू म्हणजे तुमची एमडी होईपर्यंत. स्टूल बुटकं असेल तर काही केसेस उभ्यानं करा, बसून-उभं असं बदलत राहा. मॉनिटर समोर ओढा, मान वळवून ४० केसेस म्हणजे संध्याकाळी मान गेलीच. मशीन जवळ घ्या, डावा हात नॉब्जपर्यंत ताणायला नको.

इको_वाला_भाऊ:
टॉवेलची गुंडाळी करून कोपराखाली घाला, फुकटचा उपाय, लई फरक पडतोय. आणि प्रोबच्या वायरीचं वजन मनगटावर लोंबू देऊ नका. इमेज फ्रीज केली, मेजरमेंट घेताय, तेवढा वेळ प्रोबवरची मूठ सैल सोडा, आपण सगळे उगीच आवळून बसतो.

प्रोबवाली_कोल्हापूर:
फिजिओनी सांगितलेलं अंगठा मुठीत घालून करून बघितलं, डोळ्यात पाणी आलं. उद्या ऑर्थोच्या ओपीडीत जाते. टॉवेल आज नेलेला, दुपारपर्यंत सीनियरनी पळवला.