शब्दचर्चा: 'ऑपरेटर'ला मराठीत काय म्हणावं? (निमित्त: स्कायरेडर विमान)

प्रश्न

डग्लस कंपनीच्या स्कायरेडर विमानावर मराठीत लिहितो आहे. पहिलं उड्डाण १८ मार्च १९४५ ला, एकूण ३,१८० विमानं बनली, आणि जेटचा जमाना सुरू झाल्यावरही कोरिया आणि व्हिएतनाम ही दोन्ही युद्धं हे पंख्याचं विमान लढलं. लेख झाला आहे, अडलंय ते शेवटच्या यादीपाशी: कोणकोणत्या सैन्यांकडे ते होतं. इंग्रजी मथळा एका शब्दात उरकतो, 'ऑपरेटर'. 'वापरकर्ते' म्हटलं की मोबाइल डोळ्यांपुढे येतो, 'चालक' म्हटलं की एसटी. शिवाय 'अटॅक' विमानाला काय म्हणायचं? सुचवा.

प्रतिसाद

'वापरकर्ते' इतक्यात टाकून देऊ नका, दादा. 'पाणीवापर संस्था' आपण सहज म्हणतोच की. 'पंख्याचं विमान' मात्र फार आवडलं, ऐकताक्षणी कळतं. फक्त 'पंख' आणि 'पंखा' एकाच वाक्यात आले की घोळ होईल, तिथे 'पाती' म्हणा. स्कायरेडरला चार पाती होती आणि ती फिरताना होणारं वर्तुळ चार मीटरहून रुंद! एवढ्या पात्यांना घरातल्या पंख्याचं नाव पुरत नाही.

प्रतिसाद

'चालक' तर साफ चुकेल, आणि 'मालक'सुद्धा. तुमच्याच यादीतले दोन देश पाहा. फ्रान्सने स्वतः वापरलेली काही स्कायरेडर पुढे आफ्रिकेत दिली, त्यातली काही चाडकडे गेली. विमानं चाडची, पण उडवणारे पगारी फ्रेंच वैमानिक. स्वीडनमध्ये नेमकं उलट. तिथे ब्रिटिश नौदलाची जुनी विमानं एका खासगी कंपनीने घेतली आणि सैन्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी हवेत निशाण ओढायचं काम कंत्राटावर केलं. विमान कंपनीचं, काम सैन्याचं.

हा फरक मराठीला नवा नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार होतेच. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. चाडचे वैमानिक म्हणजे बारगीर, स्वीडनची कंपनी म्हणजे शिलेदार. आणि दोघांनाही ज्याने चाकरीला ठेवलं, त्याच्याबद्दल आपण काय म्हणतो? 'त्याच्या पदरी इतके स्वार होते.' इंग्रजी 'ऑपरेटर' म्हणजे हा पदरी बाळगणारा.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, बारगीर-शिलेदार वाचून दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. यादी समोर ठेवून 'पदरी' लावून पाहिलं. 'दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाच्या पदरी स्कायरेडर होती', वाक्य उभं राहतं. पण पदरी माणसं असतात, यंत्रं नाहीत, असं मनाला टोचत राहतं. मग 'ताफा' लावला: 'दक्षिण व्हिएतनामच्या ताफ्यात', 'गॅबनच्या ताफ्यात', 'फ्रान्सच्या ताफ्यात'. कुठेच अडखळलं नाही. म्हणजे नामाला नाम शोधत बसलो हीच माझी चूक होती. मराठी इथे 'कोण' विचारत नाही, 'कुठे' विचारते. फक्त स्वीडनपुढे 'कंत्राटावर' लिहावं लागेल, आणि ते लिहायलाच हवं.

प्रतिसाद

आता 'अटॅक'. वृत्तपत्रं सगळ्यांना सरसकट 'लढाऊ' म्हणतात, त्याने स्कायरेडरवर अन्याय होतो. लढाऊ विमान दुसऱ्या विमानाशी झुंजतं, हे खाली जमिनीवर काम करायचं. व्हिएतनाममध्ये शत्रूच्या मुलखात पडलेल्या वैमानिकाला हेलिकॉप्टर उचलून नेईपर्यंत स्कायरेडर वर घिरट्या घालत राहायचं, भोवतालच्या बंदुका दाबून धरायचं. या कामगिरीवरच्या विमानांना रेडिओवर 'सँडी' हाक मारत. हळू उडणं आणि तासन्‌तास आकाशात थांबणं हाच त्याचा मोठेपणा. घिरट्या घालून परतायचं तेव्हा अठरा सिलिंडरच्या इंजिनातून गळालेल्या तेलाचे काळे ओघळ पोटाखालून मागेपर्यंत गेलेले असत.

'हल्ला विमान' अर्थाने बरोबर आहे, पण ते भाषांतर वाटतं. मी 'मारा' सुचवेन. तोफांचा मारा, गोळ्यांचा मारा, अगदी पाण्याचा माराही आपण म्हणतो. त्यात एका जागेवर पुन्हा पुन्हा येऊन आदळणं आहे, 'हल्ला'त ते नाही. हा वर्गही तसा जुना नाही. १९४६ साली अमेरिकी नौदलाने बाँब टाकणारी आणि पाणतीर (टॉर्पेडो) टाकणारी पथकं एकत्र करून त्यांना 'अटॅक' हे नाव दिलं. एकाच विमानाला दोन्ही कामं जमू लागली होती. स्कायरेडरला शस्त्रं अडकवायला पंधरा जागा होत्या. जे मिळेल ते खाली मारायचं, म्हणून मारा-विमान.

मूळ प्रश्नकर्ता

मारा-विमान घेतो. एक अडचण उरते. ब्रिटिश नौदलाने घेतलेल्या पन्नास स्कायरेडरच्या पोटाखाली रडारचा घुमट होता, ती मारा करतच नसत, समुद्रावर टेहळणी करत. त्यांच्या ओळीत 'टेहळणीसाठी' असं जोडतो. मथळा ठरला: 'स्कायरेडर कोणाकोणाच्या ताफ्यात होतं?' आणि ताई, बारगीर-शिलेदाराचा परिच्छेद चाड आणि स्वीडनच्या मध्ये घालतो आहे, तुमची हरकत नसेल तर.