पहिली मोटर यॉट घेताना: एक इंजिन की दोन? मदत हवी आहे

मुंबई ते मालवण असा प्रवास, खाड्यांत मुक्काम करत आणि पावसाळा वगळून, कुटुंबातील पाच जणांना करता यावा यासाठी आम्ही सुमारे ४० फुटी, वापरलेली मोटर यॉट पाहत आहोत. दोन डिझेल इंजिने असली की एक बंद पडले तरी बंदर गाठता येते, हे खरे. परंतु अशा बोटींचे पाण्याखालील पंखे (प्रोपेलर) बहुधा उघडे असल्याने मासेमारीच्या जाळ्यांत ते अडकण्याची भीती अधिक, तर लांब कण्याच्या (म्हणजे तळाच्या मधोमध पुढून मागे गेलेली, खाली उतरलेली कील असलेल्या) एक-इंजिनी बोटीत पंख्याला आडोसा मिळतो. बाणकोट, दाभोळ येथील खाडीमुखाशी वाळूचे दांडे असल्यामुळे साडेतीन फुटांहून अधिक ड्राफ्ट (बोटीच्या पाण्याखालील भागाची खोली) नको, असे मला वाटते. (आईची अट एकच आहे: बोट डोलू नये!) या किनाऱ्यावर स्वतः बोट चालवणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावा, तसेच खरेदीपूर्वी बोट पाण्याबाहेर काढून तळ तपासण्याची सोय कोठे होते, हेही कळवावे.