मदत हवी आहे: मुंबईहून नाशिकला थेट एसवायबीकॉम, आधीच्या क्रेडिटचं काय?

बहिणीचं एफवायबीकॉम मुंबई विद्यापीठातून नवीन शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमाने झालंय. ४४ क्रेडिट, एकही केटी (राहिलेला विषय) नाही, एबीसी आयडीवर, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यावर, सगळे दिसतात. वडिलांच्या बदलीमुळे एसवाय नाशिकला, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात करायचंय. एनओसी मिळाली, मायग्रेशनचा अर्जही भरलाय. नवं कॉलेज म्हणतं, मेजर (मुख्य विषय) जुळतो, पण मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) आमच्याकडे नाहीत. आधी पात्रतेचं पत्र आणा. सिलॅबसची शिक्क्यासकट प्रत दिली, तरी तेच उत्तर. मुक्त विद्यापीठ नकोय, आणि तिचं वर्ष अजिबात वाया जायला नको.

असा बदल कुणी केलाय का? न जुळणाऱ्या विषयांचे क्रेडिट तसेच धरले, की ते पेपर पुन्हा द्यावे लागले? आणि पात्रतेचा अर्ज कॉलेजमार्फत गेला, की तुम्ही स्वतः विद्यापीठात दिलात?